वरची रेघ नसलेली चार पानं

वाचकांच्या अनुभवांच्या या सदरात लिहावं की नाही, यावर मी वर्षभर विचार केला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही. आमच्या घरात धम्माची दीक्षा घेतल्यापासून अंगारे-धुपारे, नवस, उतारे सगळं बंद झालं. बाबा गिरणीत कामाला आहेत, शिकलेले नाहीत. पण कोणी भानामतीची गोष्ट काढली तर ते उठून जातात. त्यामुळे हे लिहितानाही थोडं चुकल्यासारखं वाटतं आहे... पण घडलं ते घडलं.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. तिथे देवराव भेटला. तो शेवटच्या वर्षाला होता, मराठी वाङ्मय घेऊन. जन्मापासून आंधळा. गाव कुहीकडचं, राहायला नागपुरात, प्रताप नगरातल्या एका कारकुनाच्या घरामागच्या खोलीत. आंधळ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि तो खालच्या वर्गातला असावा असा नियम आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून सरांनी माझं नाव दिलं. लेखनिकाने फक्त सांगितलेलं लिहायचं. स्वतःचा एक शब्दही घालायचा नाही.

परीक्षेआधी मी रोज त्याच्या खोलीवर जाऊन त्याला वाचून दाखवायचो. एक विषय नक्की येणार असं सगळे म्हणत होते – ‘साहित्यातील आणि समाजातील अंधार’. मी खपून नोट्स काढल्या होत्या. अंधार म्हणजे अज्ञान, अंधार म्हणजे अन्याय, अंधारानंतर पहाट... देवराव ऐकता ऐकता हसायला लागला.

“या कवी लोकायले अंधाराशिवाय काही दिसतच नाही का गा? मी जन्माचा आंधळा, मले आजपर्यंत अंधार दिसला नाही. तो दिसाले बी डोळे लागते ना!”

“देवराव, परीक्षेत असं नाही लिहिता येणार.”

“मालूम आहे. बी.ए. होऊ दे, मंग तुह्या पहाटेले बी सलाम ठोकतो.”

त्याला बी.ए. होणं फार गरजेचं होतं. एका अंधशाळेत शिक्षकाची जागा होती. याच वर्षी पास झाला तर ती त्याला देणार होते, नाहीतर दुसऱ्याला. म्हणजे परत गावी, ओट्यावर बसून राहणं.

पेपर एप्रिलमध्ये, सकाळी अकराला. केंद्र रामदासपेठेतलं एक कॉलेज. आम्हाला जिन्याखालची वेगळी खोली दिली होती. एक खिडकी, एक पंखा, दारात खुर्ची टाकून बसलेले पर्यवेक्षक. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. पहिले प्रश्न छान झाले. शेवटी निबंध, आणि नेमका तोच विषय. मला इतका आनंद झाला! पण देवराव म्हणाला, “थांब. नोट्समधलं नको.”

“काहून?”

“थे माह्यं नाही.”

मग तो बाकावर बोटं फिरवत राहिला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी हळूच म्हटलं, “देवराव, अर्धाच तास राहिला. काहीतरी सांगा.” शेवटी तो म्हणाला, “लिही. मोठी बहीण मले सांदीत बसून वाचून दाखवे...” एवढंच. पुढे तो मान खाली घालून बसला.

मी ते एक वाक्य लिहिलं. आणि माझ्यासमोर अंधार झाला.

घेरी आली नव्हती. मी शुद्धीवर होतो. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती, पर्यवेक्षकांचं खोकणं ऐकू येत होतं, हातात पेन जाणवत होता. फक्त दिसत काही नव्हतं. आणि वास आला – चुलीच्या धुराचा आणि धानाच्या ओल्या कोंड्याचा. ओरडावं असं वाटलं, पण ओरडलो तर पेपर जाईल... देवरावचा पेपर. या भीतीने गप्प राहिलो. हात मात्र हलत होता. मी तो हलवत नव्हतो.

घंटा झाली तेव्हा ऊन परत आलं. समोर चार पानं भरलेली. पर्यवेक्षक कागद ओढत म्हणाले, “काय सपासप लिहून राहिले होते तुम्ही! मान वर नाही केली.”

देवराव माझ्या कानाशी म्हणाला, “मी तं काहीच बोललो नाही गा. तू काय लिहिलं?”

मला ओझरतं दिसलं होतं तेवढंच. ते अक्षर माझं नव्हतं. लहान, घट्ट, आणि एकाही शब्दावर वरची रेघ नाही. मी रेघेशिवाय शब्द सोडत नाही. गुरुजींनी पट्टीने हातावर मारून ती सवय लावली आहे. एक वाक्य वाचता आलं होतं. खोलीतून बाहेर पडताना मी ते त्याला सांगितलं – ‘छपरावरच्या कवेलूच्या फटीतून दोन बोटं उजेड पडायचा, तेवढ्यात एक ओळ मावायची, म्हणून पुस्तकच सरकवावं लागायचं.’

देवरावने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. “हे मी तुले कधी सांगितलं?”

सांगितलं नव्हतं.

एकाच पेपरात दोन अक्षरं दिसली म्हणून जूनमध्ये विद्यापीठाने आम्हाला चौकशीला बोलावलं. टेबलापलीकडे तिघे बसले होते. “हे अक्षर कोणाचं?” इथे मी एक सोपं खोटं बोलू शकलो असतो. वेळ कमी होता, घाईत रेघ दिली नाही, देवरावनेच सांगितलं... कदाचित त्यांनी मानलंही असतं. पण बाबांनी कॉलेजात पाठवताना एकच गोष्ट बजावली होती – तिथे खोटं बोलू नको, आपल्या सगळ्या वस्तीचं नाव जाईल. मी म्हणालो, “साहेब, मला दिसत नव्हतं. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. कोणी लिहिलं ते मला माहीत नाही.”

एक जण हसला. “आंधळ्याला लेखनिक दिला, तोही आंधळा!”

देवरावचा निकाल रद्द झाला. ती जागा दुसऱ्याला गेली. एस.टी. स्टँडवर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “खोटं बोलता आलं असतं गा तुले,” एवढंच म्हणाला. रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

भाऊबीजेला मी त्याच्या गावी गेलो. त्याची मोठी बहीण, यमुनाबाई, सासरहून आली होती. दुपारी तिने आम्हाला जेवायला वाढलं. देवरावने सांगितलं, चौथीनंतर वडिलांनी तिची शाळा सोडवली. पुस्तक हातात दिसलं की मारायचे, म्हणून धानाच्या कोठीमागच्या सांदीत लपून ती त्याचे धडे त्याला वाचून दाखवायची. त्याने पेटीतून तिची जुनी वही काढून माझ्या हातात दिली.

लहान, घट्ट अक्षर. वरची रेघ कुठेच नाही.

“पेन्सिल झिजे ना लवकर,” यमुनाबाई लाजून म्हणाली. “दुसरी कोण घेऊन देते? म्हून रेघ नोको देऊ म्हटलं.”

“वाच ना वं बाई,” देवराव म्हणाला. “पहिल्यासारखं वाच.”

तिने वही घेतली. पाहत राहिली. मग मिटून परत दिली.

“मले नाही येत आता वाचता.”

“मजाक करून राहिली का वं?”

“नाही रे देवा. उन्हाळ्यात, दुपारची, चुलीपाशी बसली होती मी. डोळ्यापुढं अंधारी आली. तुह्या पेपरचा दिवस होता, म्हून तं ध्यानात आहे. मंग गेली अंधारी. समदं दिसते. धानातला खडा दिसते. अक्षर नाही दिसत... मुंग्या बसल्यावानी दिसते.”

देवरावने वही चाचपून माझ्या हातात दिली. त्याने ती मला वाचायला सांगितली. मी वाचत होतो आणि ती दुसऱ्या कोणाचं तरी ऐकावं तशी ऐकत होती.

पुढे तिला नागपूरला आणून रामदासपेठेतल्या डॉक्टरांना दाखवलं. डोळे चांगले आहेत म्हणाले. माझेही तपासले, चांगले आहेत.

यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. एप्रिलमध्ये तोच पेपर मला द्यायचा आहे. अंधार म्हणजे अज्ञान असं लिहायला घेतलं की पेन थांबतो, कारण तिला जे काही यायचं ते ती अंधारातच शिकली होती, आणि ते गेलं भर दुपारी. हे कसं झालं, याचा खुलासा माझ्यापाशी नाही.

गेल्या महिन्यात धीर करून विद्यापीठाच्या ऑफिसात गेलो. ती चार पानं नुसती एकदा बघायला मिळाली, तर यमुनाबाईला आणून तिच्यासमोर धरून पाहावीत, कदाचित तिचं वाचणं परत येईल, असं मनात होतं. बाबूने रजिस्टर उघडलंही नाही. “दोन वर्षांपूर्वीचे पेपर? ते तर रद्दीत, लगद्याला गेले.”

देवरावला हे अजून सांगितलेलं नाही; ती पानं कुठेतरी जपून आहेत असंच तो धरून आहे. या वेळी खोटं बोलावं म्हणतो.