माझ्या मापाची सायकल

गेल्या वर्षी मी सायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि उंची जेमतेम पाच फूट. एवढ्या दोन गोष्टींपायी चार महिने वैताग होईल असं वाटलं नव्हतं.

वाशीला एपीएमसीच्या, म्हणजे बाजार समितीच्या, दाणा मार्केटात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर मी ऑफिस सांभाळते. घर नेरूळला. रोज रिक्षा परवडत नाही आणि बसचा भरवसा नाही. त्यातून ऑफिसातली एक मैत्रीण दर रविवारी चार-पाच बायकांबरोबर सायकलवर उरणच्या रस्त्याला जायची, आणि सोमवारी ती अशी काही ताजी दिसायची की मला हेवा वाटायचा. मला दोन्ही हवं होतं. आठवडाभर डबा आणि पिशवी घेऊन ऑफिसला नेणारी आणि रविवारी लांब पळणारी अशी एकच सायकल. दोन ठेवायला घरात जागाच नाही.

आई नेरूळजवळच्या सारसोळ्याची, कोळीण. तिला सांगितलं तर म्हणाली, "या वयात सायकल चालवून कुठं जानार हायस गो बाय? लोकं काय बोलतील?"

"तू डोक्यावर टोपली घेऊन वाशीपर्यंत चालत जायचीस तेव्हा लोकांना विचारलंस का?"

"तवा लोकं कुठं व्हती? नुसती खाडी व्हती," ती म्हणाली आणि मच्छी साफ करायला लागली.

पहिल्या दुकानात नवरा सोबत होता. दुकानदाराने त्यालाच विचारलं, "कुणासाठी, साहेब?"

"मिसेससाठी."

"मग लेडीज दाखवतो, बास्केटवाली. गुलाबी आहे, जांभळी आहे."

मी म्हटलं, "मला गिअरची दाखवा. मागे कॅरिअर बसेल अशी."

तो पुन्हा नवऱ्याकडेच बघून म्हणाला, "लेडीज लोकांना गिअर जमत नाही, साहेब. आठ दिवसांत परत घेऊन येतात." आणि नवऱ्याने चक्क मान हलवली.

दुसरं दुकान मोठं, एसी लावलेलं. तिथल्या सेल्समनने बारीक टायरची सायकल पुढे केली. "मॅडम, ही नुसती उडते."

"तुर्भ्याच्या खड्ड्यांतूनसुद्धा?"

त्याने ती आत ढकलली आणि जाड टायरची काढली. ती ढकलतानाच मला धाप लागली. तिसरी बरी होती, पण मडगार्ड नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मडगार्डने लुक जातो."

"आणि पाठीवर चिखल घेऊन मी ऑफिसात शिरले की माझा लुक जात नाही?"

शिवाय त्या सायकलीवर बसल्यावर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. छोटी फ्रेम आहे का, म्हटलं, तर "सवय होईल, मॅडम." पायाची लांबी सवयीने वाढते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग ऑनलाइन मागवली. छोट्या मापाची म्हणून मागवली आणि आली मोठी. परत न्यायला येतो म्हणाले आणि बारा दिवस आलेच नाहीत. तो भलामोठा खोका पॅसेजमध्ये उभा. सोसायटीचे सेक्रेटरी रोज संध्याकाळी बेल वाजवून विचारायचे, "वहिनी, हे कधी हलणार?" मला त्या खोक्याला लाथ घालावीशी वाटायची. तेराव्या दिवशी तो गेला, तेव्हा सायकलचं नावच नको असं झालं होतं.

तरी नवऱ्याच्या आग्रहाने वाशीच्या एका दुकानात गेलो. तिथेही प्रश्न त्याला आणि उत्तरंही तोच देत होता. रोज किती लांब जाणार, वजन किती नेणार, सगळं. मी बाहेर आले. तो मागून आला.

"अहो, सायकल तुम्ही चालवणार आहात का?"

"मी तुझ्याच भल्यासाठी बोलत होतो."

"मग एक दिवस बोलू नका ना!"

माणूस सातारचा, मनाने सरळ. त्याचा चेहरा उतरला. तो बसस्टॉपकडे गेला आणि मी तरातरा उलट्या दिशेने. रात्री मला वाईट वाटत होतं, पण राग काही उतरला नव्हता.

पुढच्या रविवारी मी एकटीच घणसोली गावात गेले. तिथल्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे, असं मैत्रिणीने सांगितलं होतं. पिकल्या केसांचे मिस्त्री चाक फिरवत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "ताई, रोज कुठनं कुठं जाता? नेता काय? वाटेत पूल किती?"

तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी हे मला विचारलं होतं. मी भडाभडा सगळं सांगितलं, बास्केटवाल्या दुकानदारासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि आतून एक राखाडी, गिअरची, मध्यम टायरची वापरलेली सायकल काढली. फ्रेम छोटी. "बसा आन् हायवेपर्यंत जाऊन या. दुकानापुढं गोल फिरून काय कळतंय?"

पाय टेकले. ब्रेक लागला. परत आले ते घ्यायचीच म्हणून.

तरी सुख नाहीच. कॅरिअर बसवायला या सायकलीला भोकंच नव्हती. क्लिप मागवली, ती आली महिन्याने. मी फोन केला की मिस्त्री म्हणायचे, "उद्या या." शेवटी बसलं ते कॅरिअर किंचित डावीकडे कलतं. पहिल्या दिवशी मार्केटच्या गेटवर वॉचमनने अडवलं, "सायकल आत नाय, ट्रक लागतात." पाच मिनिटं भांडले तेव्हा सोडलं. गाळ्यासमोर सायकल लावत होते तर एक माथाडी हमाल थांबून म्हणाला, "ताई, इथं हातगाडी घासंल. गाळ्यातच घ्या की, पोत्यांच्या मागं." आता ती तिथे असते.

नवऱ्याने एकदा दूध आणायला ती नेली आणि परत येऊन म्हणाला, "गुडघे हँडलला लागतात गं." मला इतका आनंद झाला की चहा मीच केला.

रविवारी बायकांबरोबर उरणच्या रस्त्याला निघाले. पहिल्याच पुलावर दम लागला, गिअर उलटा टाकला, चेन निसटली. बाकीच्या पुढे गेल्या होत्या. पुलाच्या कडेला बसून काळे हात करत मी त्या सायकलीला, दुकानदारांना, कंपन्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. चेन चौथ्या प्रयत्नात बसली. हात रुमालाला पुसले आणि उरलेला चढ सायकल हातात धरून चालत गेले.