बाकांवर बसलेले कोहळे

नालवाडीच्या आमच्या लूथरन मंडळीचा इतिहास माझ्या वडिलांनी लिहिला. ते चर्चचे पंच होते आणि अक्षर बरं होतं, एवढीच त्यांची लायकी. त्यात एक वाक्य आहे: 'हंगामाच्या सणाला गोरे मिशनरी साहेब उपदेशाला आले, तेव्हा सगळी बाकं मंडळीनं भरलेली होती.'

मी त्या दिवशी तिथेच होते. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. बाकं साहेबांनीच महिनाभर आधी पाठवली होती आणि त्यांवर बसायला कुणी तयार नव्हतं. देवासमोर पाय लोंबकळत ठेवणं बायकांना उद्धटपणा वाटे. पुरुषांना उपदेशाच्या वेळी सतरंजीवर भिंतीला टेकून झोपायची सवय होती, आणि बाकावरून माणूस पडतो. मग देवाला वाहायला आणलेले कोहळे, वांग्यांच्या टोपल्या, ज्वारीची कणसं, सगळं आम्ही बाकांवर मांडलं आणि नेहमीसारखे खाली बसलो. साहेबांनी आमच्या डोक्यांवरून तासभर त्या कोहळ्यांना पश्चात्ताप करायला सांगितलं.

मोठी झाल्यावर मी ते वाक्य वाचलं आणि वडिलांना विचारलं, "बाबा, हे काऊन लिवलं? बाकांवर तं कोहळे होते."

वडिलांना राग आला. म्हणाले, "मंग मंडळी कोनाले म्हनू? आम्ही सारे घोरून राह्यलो होतो. उपदेश शेवटपरेंत ऐकला तो कोहळ्यायनच."