धुवायची फक्त माझी बोट

"एय, पहेलां बोट धोई नाख. आमां मेंबर बेसे छे."

मी अजून गुडघाभर पाण्यात उभा. छातीवर शर्यतीचा नंबर. क्लबच्या सेक्रेटरीनं ब्रश माझ्या पायाशी फेकला. आधी बोट धू, तिच्यात मेंबर बसतात म्हणे! तापीच्या काठावर बारा कयाक ओल्या पडल्या होत्या. धुवायची फक्त माझी. जमलेली माणसं हसली, काहींनी मोबाईल काढले.

ब्रश माझ्या ओळखीचाच. मी डिंडोलीत, कामगारांच्या वस्तीत राहतो, लूमवर बारा तास काम करतो. दर रविवारी या क्लबच्या बोटी घासायचो. घासून झाल्या की तासभर एक वल्हवू द्यायचे, तेवढ्यावर शिकलो. शर्यत सगळ्यांना खुली, असं बोर्डावर लिहिलेलं, म्हणून फॉर्म भरला. सेक्रेटरीनं आडनाव वाचलं.

"खानदेश के? उसमें कौन?"

"बौद्ध."

त्यानं फॉर्म चिमटीत धरून बाजूला ठेवला. बोर्डामुळे नाही म्हणता येईना, नंबर दिला.

शर्यतीत मी सगळ्यांच्या पुढे होतो. पहिला येणार होतो, खोटं कशाला बोलू? पुलाच्या खांबापाशी मागे धपकन आवाज झाला. सेक्रेटरीचा भाचा उलटला होता. फोटोत छाती दिसावी म्हणून पठ्ठ्यानं लाईफ जॅकेटचे पट्टे सैल सोडलेले. जॅकेट कानाशी आलं आणि तो खाली.

आमच्या लूमवर एक रीत आहे. शेजाऱ्याचा लूम बंद पडला की आपला सोडून आधी त्याचा धागा जोडायचा. पैसे कापडाच्या मीटरवर मिळतात, आपलं नुकसान होतं, तरी हात जातोच. तसाच गेला. मूर्खासारखा मागे वळलो. त्याला ओढून माझ्या बोटीवर आडवा घातला. त्याची नखं माझ्या मनगटात रुतली होती. "भाई, छोड़ना मत," एवढंच म्हणत होता.

काठाला लागला, टॉवेल मिळाला, तसा तोच म्हणाला, "इसने टक्कर मारी."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मला शर्यतीतून बाद केलं. आणि वर तो ब्रश.

लाज वाटते सांगायला, पण मी ब्रश उचलला. सवयीनं. दोनदा घासलंसुद्धा. मी बसलेली जागा मीच घासत होतो, माझ्यामुळे बाटली म्हणून! मान वर केली तर भाचा समोर चहा पीत उभा. त्याला नाही कुणी धुतलं.

मी ब्रश खाली टाकला. त्या काठावर मी कधी मोठ्यानं मराठी बोललो नव्हतो. बोललो.

"नाही धुणार. बोट बाटली असेल तर आधी ह्याला धुवा. मी ह्यालाही हात लावलाय."

सेक्रेटरी म्हणाला, पुन्हा इथं दिसू नकोस.

घरी मायनं विचारलं, "काय व्हयनं रे भो?" मी मनगट दाखवलं. तिनं हळद लावली. मला तिचाही राग आला. जन्मभर हेच केलं तिनं, मुकाट हळद लावली.

पुढच्या वर्षी मी परत फॉर्म भरणार. आडनाव मोठ्या अक्षरात लिहिणार. कुणी उलटला तर माझा हात जाईलच, तो माझं ऐकत नाही. पण या वेळी आधी आडनाव सांगेन. मग त्यानं ठरवावं, हात धरायचा की बुडायचं.