दाढेचं तिसरं मूळ

माझ्या मावशीच्या यजमानांनी आयुष्यात कुणाचाही चेहरा धड पाहिलेला नाही. ते पाहतात फक्त दात. नाशिकच्या एका दंत महाविद्यालयात तीस वर्षं दातांची रचना शिकवून काका निवृत्त झाले, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. त्यांच्याकडे गेलं की "ये, बस" नाही, आधी "आ कर". चप्पल काढायच्या आत तोंडात टॉर्च. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा घेऊन गेलो, तेव्हा तिच्या दाढा निरखून म्हणाले, "झिजलेल्या नाहीत. झोपेत दात खात नाही, म्हणजे स्वभावाने शांत आहे." पुढे वर्षभर ती त्यांच्यासमोर रुमाल लावूनच हसली.

लोक शोकेसमध्ये डिनर सेट ठेवतात. काकांनी सगळ्या नातेवाइकांचे प्लास्टरचे जबडे मांडले होते, खाली नावांच्या चिठ्ठ्या. मधूनमधून शेळी, कुत्रा, डुक्कर. माझ्या वडिलांचा जबडा गाढवाच्या शेजारी होता, आणि त्याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. माणूस गेला तरी जबडा तिथून हलत नसे. खालून ट्रक गेला की जिवंत, मेलेले, शेळी-कुत्री, सगळे एकदम कडकड वाजत. मी दचकायचो. काका पेपरातून डोकं न काढता म्हणत, "काही नाही रे, बोलतायत."

मावशी मात्र त्यांचा खरा अभिमान. माणसाच्या खालच्या पहिल्या दाढेला एरवी दोन मुळं असतात, मावशीच्या दाढेला तीन होती. भिंतीवर लग्नाच्या फोटोऐवजी तिचा एक्स-रे. "ह्यांनी माझ्याशी नाही, दाढेशी लग्न केलंय," असं ती म्हणायची आणि लाजायचीसुद्धा. तसंच तिसरं मूळ माझ्या दाढेलाही निघालं, तेव्हा काकांनी पेढे वाटले होते.

मावशी गेल्या वर्षी गेली. दहाव्याला स्मशानातल्या खुंटीवरून अस्थींचं मडकं मीच काढून रामकुंडावर नेलं. गुरुजींनी लाल फडकं सोडायला सांगितलं आणि काकांनी आत हात घातला. ते एखादा तुकडा शोकेससाठी ठेवून घेणार, हीच प्रत्येकाला भीती. डोळे मिटून ते राखेत चाचपडत राहिले, मग एक दाढ वर काढली. आगीत वरचं आवरण तडकून गेलेलं, पण मुळं शाबूत, दोनच, आणि आकड्यासारखी वाकलेली.

"ही हिची नव्हे," ते म्हणाले.

मला स्मशानातली खुंटी आठवली. शेजारच्या खुंटीवरही तसंच मडकं होतं, तसंच लाल फडकं. दहा पावलांवर दिंडोरीचं एक कुटुंब पाण्यात उतरत होतं. काका ओल्या धोतरानिशी तिकडे धावले आणि मडकं धरलेल्या मुलाला विचारलं, "तुमच्याकडे जे गेले, त्यांची उजवी दाढ कधी काढली होती का? डॉक्टरांना फार त्रास झाला असेल."

त्याने मडकं छातीशी धरलं. "लय झाला व्हता. डाक्टर घामाघूम. डावी दुखायची, पण आण्णांनी ती काढूच दिली नाय. तुमाला कसं ठावं?"

"ही ती डावी," काकांनी मूठ उघडली. "दोन्ही बाजूंची मुळं बहुधा सारखीच वळतात."

त्या मुलाने दोन्ही हात पुढे करून आण्णांची दाढ घेतली आणि आपलं मडकं काकांना दिलं. आमच्याकडचं मी त्याच्या हाती ठेवलं. काकांनी आत हात घातला. बराच वेळ गेला. मग त्यांचा हात थांबला, आणि मला समजलं की मावशी सापडली. त्यांनी ती दाढ बाहेर काढून पाहिलीसुद्धा नाही. मडकं तसंच पाण्यात वाकवलं. आयुष्यात त्यांनी न पाहता सोडलेली ती एकच दाढ.

आता शोकेस रिकामी आहे. ज्याचा जबडा त्याच्या घरी त्यांनी पोचवला, जनावरांचे कॉलेजात. मी दर रविवारी जातो. आत शिरल्यावर त्यांनी काही म्हणायच्या आधीच खिडकीशी बसून आ करतो. ते टॉर्च लावतात आणि माझ्या खालच्या दाढेकडे पाहत राहतात. मूळ हिरडीच्या आत असतं, बाहेरून काहीच दिसत नाही. हे त्यांनीच तीस वर्षं मुलांना शिकवलंय.

"आहे," ते हळूच म्हणतात, आणि टॉर्च विझवतात.