आधी नक्कल, मग कत्तल

मला वाचवलं ते कत्तल मॅडमनी. काय झालं ते सांगतेच, पण आधी त्या. माझं सांगायला घेतलं की भीतीनं मी भलतीकडेच जाते.

नौपाड्यात एका फरसाणाच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. भरलेले फॉर्म यायचे, त्यांच्या याद्या करून द्यायच्या. मॅडम साठीच्या. सुती साडी, घट्ट अंबाडा, आणि कीबोर्डवर बसल्या की खाटीक. एंटरचं बटण त्या दाबत नसत, हाणत. माझ्यादेखत तीन कीबोर्ड मेले. माउसला त्या शिवतही नसत. काळ्या पडद्यावर एका ओळीचा हुकूम लिहायचा आणि हजारो नावांची फाईल एका फटक्यात सरळ करायची. बोलणंही तसंच. फाईलच्या सुरुवातीच्या ओळी दाखवणाऱ्या 'हेड'ला मुंडकं, शेवटच्या दाखवणाऱ्या 'टेल'ला शेपूट. "मुंडक्याच्या दहा ओळी दाखव. आता शेपूट बघू. तिसरा रकाना काप. अडकला प्रोग्राम? ठार कर त्याला!" खाली ढोकळा घ्यायला आलेली माणसं दचकून वर बघायची.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटलेली. कोपरीत लांबच्या मावशीकडे राहायचे आणि ऑफिसात फॉर्म स्कॅन करायचे. एक दिवस मॅडमनी खुर्ची ओढली. "बस, हिंगोली."

"मॅडम, मी आठवी नापास…"

"म्हणजे सात वेळा पास झालीस. कॉम्प्युटर दाखला मागत नाही. बस म्हणते ना!"

पहिल्याच आठवड्यात मी एक फाईल सॉर्ट केली आणि निकाल त्याच नावाच्या फाईलमध्ये लिहायला सांगितला. एंटर दाबलं आणि फाईल रिकामी. चार दिवसांचं काम गेलं. मॅडमनी लाकडी फूटपट्टी उचलली आणि माझ्या मनगटावर सण्णकन हाणली. वळ उठला. "ज्या भांड्यातून घ्यायचं त्यातच ओततेस? आधी नक्कल, मग कत्तल! म्हण." मी रडत म्हटलं. दुपारी त्यांनी स्वतःच वळावर खोबरेल चोळलं आणि पुन्हा म्हणायला लावलं.

म्हणून खाडीकाठच्या कोळीवाड्याची यादी आली तेव्हा मी आधी तिची नक्कल करून मॅडमच्या पेन ड्राइव्हवर ठेवली होती. तेवढं एक बरोबर केलं.

ती घरांची यादी होती. यादीत नाव नाही तर घर नाही, असा सरळ हिशेब. पाहणी करणारे दोघे होते आणि कितीतरी घरं दोघांनीही लिहिलेली, म्हणून दुबार नावं काढायची होती. मॅडम त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे. त्या खूश होतील म्हणून मी एकटीनं हुकूम लिहिला: नावाच्या रकान्यावर सॉर्ट कर, सारख्या नावांतलं एकच ठेव. एंटर मीही हाणलं. यादी पुढे पाठवून दिली.

कोळीवाड्यात नातवाला आज्याचं नाव ठेवतात हे मला कुठून माहीत! राघोचा मुलगा धर्मा, धर्माचा मुलगा राघो. आजा 'राघो धर्मा कोळी', नातूही 'राघो धर्मा कोळी'. घरं दोन. मी एक कापलं होतं. अशी सत्तेचाळीस.

यादी कोळीवाड्यात लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते आले. दहा-बारा जण, हातात सळया. दाराची काच आधी फुटली, मग माझ्या टेबलावरचा मॉनिटर. प्रिंटर खिडकीतून खाली गेला. ऑफिसच्या मालकाच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. मी टेबलाखाली, काचांवर गुडघे टेकून. सगळ्यांत पुढे धाकटा राघो, मानेच्या शिरा फुगलेल्या. "आमचे आज्याचा नाव कोनी कापला? जिता मानूस हाय! यादी कोनी केली, बोल!"

मी टेबलाखाली आणखी आत सरकले.

"मी केली," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे. दुरुस्त करून देते."

"दुरुस्त? आज्यानं कालपासून पेज घेतली नाय!" सळई खाली आली. मॅडमनी तोंडासमोर उजवा हात धरला. मनगटाचा आवाज मी ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. पुन्हा एक, त्याच हातावर. मग त्याचाच माणूस त्याला मागे ओढत ओरडला, "राघो, म्हातारी हाय रे! मरंल!"

मॅडमनी दवाखान्यात जायच्या आधी डाव्या हातानं चष्म्याचं घर उघडलं. आत तो पेन ड्राइव्ह, त्यात माझी नक्कल. मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर शाबूत होता. हाताला फडकं, फडक्यातून रक्त ठिपकतंय, आणि त्या सांगतायत, "नुसतं नाव नको. नाव आणि घर क्रमांक, दोन्ही सारखे असतील तरच काप. हं, हाण." सत्तेचाळीस घरं परत आली. मगच त्या रिक्षात बसल्या.

पोलिसांना त्यांनी तक्रार दिली नाही. मला हळूच म्हणाल्या, "चौकशीत यादी कोणी केली ते निघेल. गप्प राहा."

पंधरवड्यानं राघो दवाखान्यात आला. खाली मान, हातात दोन पापलेटं. "आजीबाय, माफ करा."

"अरे, मी खात नाही. हिला दे. हिंगोलीत समुद्र नाही."

त्यानं मला दिली. मी घेतली. मावशीनं तळली आणि मी खाल्ली. तो घास अजून उतरलेला नाही.

मॅडम आता नाशिकला भाचीकडे असतात. मनगट वळत नाही. फोनवर ओरडतात तेवढं शाबूत आहे. त्यांच्या खुर्चीवर मी बसते, दोन नव्या मुलींना शिकवते. फूटपट्टी ड्रॉवरमध्ये आहे, काढत नाही.

मॅडम, हे फेडायचंय. एक दिवस कोळीवाड्यात जाईन, दोन्ही राघो धर्मा कोळ्यांसमोर उभी राहीन आणि सांगेन, यादी मी केली होती. त्याआधी तुमचा नियम पाळलाय. हे लिहिलंय ती नक्कल आहे.