रेशीम अळीचं रक्त

जिथं काम पुढं सरकत न्हाई ना, तिथं किस्से साचतात. आमच्या प्राणिशास्त्र विभागात तर नुसता ढीग लागलाय. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे किस्से ऐकायला वेळच वेळ!

बहुतेक किस्से वंदनाचे. सेनगावकडच्या तांड्यावरची ही पोरगी आमच्याकडं पीएच.डी. करून राहिली. विषय काय, तर रेशीम अळीच्या अंगात जंतू घुसले की तिच्या रक्तातल्या पेशी काय करतात. सुरुवातीला घरी गेली तेव्हा बापाला कौतुकानं म्हणाली, "बा, मी दिवसभर पेशी बघते."

आमच्याकडं पेशी म्हणजे कोर्टाची तारीख! बाप हबकला. "कोणती केस लागली गं तुह्यावर?"

तांडाभर बोभाटा झाला. तिला बघायला निघालेलं स्थळ हिंगोलीवरूनच परत फिरलं.

*

एकदा प्राचार्य आले. वंदनानं मायक्रोस्कोप लावून दिला. "सर, ही पेशी बघा, जंतू गिळतेय."

सर वाकले आणि लाइट गेली! मायक्रोस्कोपचा दिवा गुल, आत काळाकुट्ट अंधार. सरांना पत्ताच न्हाई. डोळा लावून मान डोलवत म्हणाले, "वा! छान प्रगती आहे!"

आम्ही तोंड दाबून हसलो. पण लाइट दिवसभर आलीच न्हाई, अन् फ्रीजमधलं अळ्यांचं रक्त खराब होऊन वंदनाची सगळी मेहनत वाया गेली.

*

पुसेगावचे एक काका रेशीम करतात. वंदनाला तुतीचा पाला तेच देतात. मागं त्यांच्या अळ्या रोगानं पटापट गेल्या, काळ्या अन् लिबलिबीत पडून. काका थेट लॅबमध्ये आले.

"मॅडम, तुमी तर म्हणता पेशी जंतू खातात. मंग माह्या अळ्या काहून मेल्या?"

"खातात ना काका. लई जंतू आले तर सगळ्या मिळून त्यांना घेरतात, त्यांची गाठ बनते, गाठ काळी पडते. त्याहून जास्त आले तर पेशीच संपून जातात."

"मंग इतकी वर्षं तुमी काय बघून राहिल्या?"

"संपताना बघते, काका."

मी चहा सांगितला.

*

आता हा अलीकडचा. विद्यापीठानं वंदनाला शेवटची मुदतवाढ दिली होती. एकच प्रयोग राहिला होता. तो हुकला तर नोंदणी रद्द, सगळं पाण्यात. तिनं लेकरासारख्या अळ्या वाढवल्या, अर्ध्यांना जंतूंची सुई टोचली. सकाळी येऊन फक्त रक्त काढायचं होतं.

नेमकी त्याच सकाळी कॉलेजात तपासणी समिती! सफाईला ऑफिसातले नामदेवमामा धाडले. आमच्या लॅबमध्ये त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडलं. वंदना एसटीतून उतरून आली, तर ट्रे धुऊन पालथे घातलेले.

"मामा, माझे ट्रे?"

"बरं झालं म्या बघितलं पोरी! तुह्या पाल्यात अळ्या पडल्या व्हत्या. सगळ्या फेकल्या अन् वरून फिनेल मारलं!"

ती मटकन स्टुलावर बसली. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवंना. तेवढ्यात समिती दारात.

"मॅडम, तुमचा विषय?"

"रेशीम अळी," वंदना कशीबशी उठली.

"अरे वा! मग दाखवा की अळ्या!"

तेव्हा मामा छाती काढून पुढं आले.

"शोधा साहेब, एक बी सापडायची न्हाई!"