सोलरवाल्याचा हात

आमच्या दादाला सगळी गल्ली 'सोलरवाला' म्हणते. बावीस वर्षं तो लोकांच्या गच्च्यांवर पाणी तापवायच्या काचेच्या नळ्या बसवतोय. भर उन्हात टाकी चढवायची, तापलेल्या नळ्या खोचायच्या आणि शेवटी खाली न्हाणीघरात येऊन गरम पाण्याच्या नळाखाली सरळ तळहात धरायचा. मग घरमालकाला म्हणायचं, "घ्या, झालं काम!" थर्मामीटर पेटीत पडून. "माझ्या हातापेक्षा तो शहाणा का?" फुशारकी तर विचारूच नका.

आईला झटका आला. डावं अंग गेलं, वाचाही गेली. दादाने चार दिवसांत आमच्याही गच्चीवर सोलर बसवला. म्हणाला, "आता आईला रोज भरपूर गरम पाण्याने आंघोळ." बादली तो भरायचा, आंघोळ मी घालायचे.

त्या दिवशी ऊन कडक होतं. दादाने बादलीत हात फिरवला. "कोमट आहे, घाल."

मी दांड्याचा मग बुडवून आईच्या डाव्या पायावर पाणी ओतलं. एक, दोन, तीन. आई गप्प. तिला त्या बाजूला काही कळतच नव्हतं. चौथ्या मगाचं पाणी माझ्या मनगटावर उडालं आणि मी किंचाळले. पाय घोट्यापर्यंत लालबुंद, बघता बघता टरारून फोड.

मी दादाला नाही नाही ते बोलले. "अरे मेल्या, हात होता की लाकूड?" तो शपथा घेत होता, पाणी कोमटच होतं म्हणून. मला वाटलं, खोटं बोलतोय. चुकलेला माणूस आधी शपथच घेतो.

डॉक्टरांनी बजावलं, "यांना साखर आहे, जखम चिघळेल. ताप चढला तर क्षणभर थांबू नका." माझी रजा संपली होती. दादा स्वतःची कामं सोडून आईजवळ बसला. थोड्या थोड्या वेळाने कपाळाला हात लावायचा आणि मला फोन करायचा, "ताप नाही गं. तू निवांत काम कर." दिवसभरात चार वेळा. इतकं मन लावून त्याने कुणाचंच काही केलं नसेल.

संध्याकाळी मी आले, आईच्या गळ्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दादा शेजारीच होता, तिचा हात दोन्ही हातांत धरून.

"सकाळीच आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "विष रक्तात भिनलंय. आता फार आशा धरू नका."

बाहेर बाकावर कुणीतरी चहा आणून दिला. स्टीलचे पेले. ओढणी गुंडाळूनही मला तो धरवेना, मी खाली ठेवला. दादाने मात्र आपला पेला उघड्या मुठीत घट्ट धरला होता. वाफ निघत होती आणि तो नुसता समोर बघत होता. मी त्याच्या तळव्यांकडे बघितलं. भाजून भाजून चामडं झालेलं. खोटं बोलला नव्हता हो माझा भाऊ.

त्याचं लक्ष माझ्या खाली ठेवलेल्या पेल्याकडे गेलं, मग ओढणीकडे, मग स्वतःच्या हाताकडे.

"खूप गरम आहे का गं?" त्याने हळूच विचारलं.

जन्मभर त्याला फाडफाड बोलत आलेली मी.

"नाही रे दादा," मी म्हटलं, "कोमट आहे."